दानपेटी, पाचवं शील आणि सोळा वर्षांचा पोरगा

वर्षावासातला, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात त्या तीन महिन्यांतला, रविवार होता. सकाळी विहार झाडायला आलेल्या बाईंना दानपेटीचं कुलूप जागच्या जागी दिसलं, पण पेटीची मागची पत्री वाकवलेली होती. आत तेवढी चिल्लर उरली होती. कोषाध्यक्षांच्या अंदाजाने दीड-दोन हजार गेले असावेत. पेटी उघडेपर्यंत आत किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे रक्कम सांगणाऱ्यागणिक वाढत गेली आणि संध्याकाळपर्यंत पाच हजारांवर पोचली. पाण्याच्या टाकीमागे, नशेसाठी हुंगतात त्या सोल्युशनच्या चार पिळलेल्या ट्यूबा आणि एक रुमाल सापडला. रुमाल कुणाचा ते आजीने ओळखलं. तिनेच तो शिवला होता.

उत्तर नागपुरातल्या, कामठी रोडच्या अलीकडच्या एका वस्तीतलं हे प्रकरण. विहाराचं आणि माणसांची नावं देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रकार्य पर्यवेक्षक म्हणून मी तिथे दोन वर्षं जात होते. एरवी मी विहारात जाते ती बुद्धपौर्णिमेला आणि सहा डिसेंबरला, हेही सांगून टाकते. श्रद्धेच्या जागी बसून समाजकार्य करणाऱ्या माणसांना कुठे जोर असतो आणि कुठे हात आखडावा लागतो, ते मला या एका पोराच्या निमित्ताने जितकं दिसलं तितकं वर्गात शिकवताना कधी दिसलं नव्हतं. यात एक चूक माझीही आहे.

आजीचं आधी सांगते. तिचे यजमान एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीवर नागपुरातल्या कितीतरी वस्त्या जगल्या. हे विहार गिरणीतल्या माणसांनी पगाराच्या दिवशी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून उभं केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली तेव्हा आजी आईच्या कडेवर होती, आणि आपण तिथे होतो हे ती आजही पहिल्या दोन वाक्यांत सांगते. तिच्या नातवाने पेटी फोडली. "त्याच्या आबानं विटा वाह्यल्या, अन् यानं पत्री वाकवली," एवढंच ती दिवसभर म्हणत होती.

व्हिडिओ

समितीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं पोलिसात द्या. दुसऱ्याचं म्हणणं, आपलाच पोरगा आहे, समज देऊन सोडा. सचिव दुसऱ्या तटातले. माणूस मनाने चांगला, वस्तीत कुणाचंही मयत असो, पहिला हजर. त्यांचा मला फोन आला. "मॅडम, पोरगा कबूल झाला. पोलिसात देऊन नाई राह्यलो. येत्या रविवारी सगळ्यायसमोर शील घ्यायला लावतो त्याले. बरोबर आहे ना?" मी अहवाल तपासत बसले होते. 'पोलिसात देत नाही' एवढंच कानात शिरलं आणि मी म्हटलं, बरोबर आहे. 'सगळ्यांसमोर' या शब्दावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

रविवारच्या वंदनेला दीडेकशे माणसं होती. पोराला पुढे उभं केलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं आणि पाचवं, मद्य-नशेपासून दूर राहण्याचं शील त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फुटेना, तर मागून कुणीतरी ओरडलं, "जोरात म्हण!" कुणीतरी मोबाइलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ विहाराच्या ग्रुपवरून चार वस्त्यांत आणि तिथून कामठीपर्यंत गेला. सोमवारी पहाटे पोरगा घरात नव्हता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की असल्या प्रकरणात मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करायची नाही. केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरीचं प्रकरण पोलिसात गेलं असतं तरी अशा गुन्ह्यात मुलावर साधारणपणे एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. म्हणजे पोलिसांपासून वाचवायच्या भरात आम्ही पोराला पोलिसांनी दिली असती त्याहून मोठी शिक्षा दिली. कायदा मोडला तो वेगळाच.

या टप्प्यावर विहार समितीच्या अध्यक्ष ताई पुढे आल्या. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ३२ वर्षं परिचारिका म्हणून काढलेली बाई. पोराकडून शील म्हणवून घेतलं त्या रविवारी त्या लेकीकडे वर्ध्याला होत्या. आल्या त्या थेट आजीकडे गेल्या, मग सचिवांकडे, मग मला फोन. आवाज चढवला नाही. "तुम्ही हो म्हटलं होतं म्हणे," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी ग्रुपवर एक ओळ टाकली: ज्याच्याकडे तो व्हिडिओ आहे त्याने पुसावा आणि पुसला असं मला येऊन सांगावं. 'येऊन' हा शब्द महत्त्वाचा होता. दोन दिवसांत साठ-सत्तर माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन गेली. त्यातल्या तिघांनी जाताजाता आपल्याच घरातल्या पोरांविषयी सांगितलं.

आई हरवल्याची तक्रार द्यायला तयार नव्हती. तिला वाटत होतं, तक्रार म्हणजे पोराच्या नावावर केस. हा गैरसमज सर्रास दिसतो, म्हणून लिहून ठेवते. १८ वर्षांखालचं मूल बेपत्ता झाल्याची खबर आली की पोलीस अज्ञात माणसाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलं आहे. मुलाविरुद्ध काही लागत नाही. ताईंनी आईला हे तीनदा समजावलं, चौथ्यांदा तिचा हात धरून ठाण्यात नेलं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही कळवलं.

चौथ्या दिवशी तो कळमन्याच्या मार्केट यार्डात सापडला. मोसंबीच्या गाड्या उतरवत होता, रात्री पोत्यांवर झोपत होता. त्याला पाहिलं ते आमच्याच एका क्षेत्रकार्याच्या विद्यार्थ्याने, आणि तो धावतच सुटणार होता. ताईंनी फोनवरून अडवलं: "पळू नको त्याच्यामागं. चहाच्या ठेल्यावर बस, त्याले दिसशील असा. येईल तो." हा सल्ला मायेपोटी होताच, पण त्यामागे वॉर्डातला अनुभवही होता. सोल्युशन, थिनर यांत टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. ती हुंगली की हृदयाची लय बिघडू शकते, आणि अशा नशेत पोरगा दचकला किंवा जिवाच्या आकांताने पळाला तर हृदय तिथेच बंद पडू शकतं. पहिल्यांदा हुंगणाऱ्याच्याही बाबतीत हे घडू शकतं. पोरांना घेरून पकडणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

पाऊण तासाने तो चहाच्या ठेल्यावर आला.

थिनरचा डबा

बाप घरांना रंग देतो. पोरगा नववीत शाळा सोडून त्याच्यासोबत जायला लागला, निम्म्या मजुरीवर. घरभेटीचा आमचा कागद असतो, त्यात 'घराची स्थिती' असा रकाना असतो आणि विद्यार्थी त्यात 'पक्के, दोन खोल्या' असं लिहून मोकळे होतात. मी स्वतः गेले तेव्हा दारातच वास आला. मोरीशेजारी पाच लिटरचा थिनरचा डबा, झाकण सैल, वर ब्रश धुतलेलं फडकं. पोरगा त्याच खोलीत झोपायचा. सोल्युशनपर्यंत तो मित्रांमुळे गेला असं सगळी वस्ती म्हणत होती. मित्र होतेच, पण सुरुवात त्या फडक्यापासून होती. डबा दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या गोदामात गेला. या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हेच असेल.

आई जरीपटक्यात तीन घरी पोळ्या करते. नवरा पितो, हात उचलतो, हे तिने चौथ्या भेटीत सांगितलं, तेही ताई उठून गेल्यावर. विहारातल्या बाईसमोर सांगायची लाज वाटली म्हणाली. हे मी ताईंना (तिची परवानगी घेऊन) सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पांढऱ्या साड्या नेसून गेलो की बायका खरं नाही बोलत." तेव्हापासून पहिली घरभेट विहाराच्या माणसाने करायची नाही असं ठरलं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, संरक्षण अधिकारी, पोलिसांचा भरोसा सेल, सगळं तिला सांगून झालं. तिने तक्रार केली नाही. तिचा निर्णय, आम्ही रेटलं नाही. फक्त रात्री-बेरात्री पोरांना घेऊन उठून यायला लागलं तर कोणाच्या घरी यायचं, ते घर ठरवून ठेवलं.

तीन बोटं

पोराला परत विहारात आणायचं की नाही यावर समितीची बैठक झाली. नऊ जण, मी दहावी. सचिव म्हणाले, शील मोडलं तर पुन्हा सगळ्यांसमोर घ्यावं लागेल. ताईंनी विचारलं, 'समादियामि' म्हणजे काय? ग्रहण करतो. काय ग्रहण करतो? सिक्खापद. शिकायचा धडा. "पहिल्या दिवशी येत नाही म्हणून तर धडा म्हणतात. हे कोर्टातलं हमीपत्र नव्हे."

वर्षावासासाठी आलेले भंतेजी तिशीचे, अबोल. त्यांनी मान हलवली. त्यांच्याबाबतही त्याच बैठकीत एक नियम झाला आणि त्यांनी तो आनंदाने मानला: कुठलंही मूल कुठल्याही मोठ्या माणसासोबत बंद खोलीत बसणार नाही, चीवर असो की नसो. बोलायचं ते ओट्यावर, चार पावलांवर दुसरं माणूस असताना. काही उपासकांना तो भंतेजींचा अपमान वाटला. अजूनही वाटतो.

मग मी पोराने मला सांगितलेलं एक वाक्य बैठकीत सांगितलं, त्याला विचारून. तो म्हणाला होता, "मले पाचवं शील घ्यायले लावलं ना मॅडम, तवा काकाच्या खिशात खर्रा होता. पन्नी दिसत होती मले."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्याला तो विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच नाही. आमच्या वस्तीत मात्र तो बापासाठी आणायला लेकरंच जातात.

सचिवांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बाजू मांडली: खर्र्याने झिंग येत नाही, मज्ज म्हणजे दारू, शील दारूचं आहे. पालीवर पंधरा मिनिटं काथ्याकूट झाला. ताईंनी तो होऊ दिला. मग म्हणाल्या, "सगळ्यांनी तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला." आधी कुणाला कळेना. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं एकावर एक उभी मावतात. सुपारीने आतली कातडी घट्ट होत जाते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, आणि तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातल्या काहींचा कर्करोग होतो. विहारातल्या सतरंजीवर नऊ वयस्क माणसं तोंडात बोटं घालून बसली. हसू येण्यासारखं दृश्य होतं आणि कोणी हसलं नाही. एकाची दोनच गेली. सचिवांची दोन गेली, तिसरं ओठाशी थांबलं.

विहाराच्या आवारात खर्रा नाही, हा ठराव त्या दिवशी एकमताने झाला. पाळला जातो बहुतेक.

हुंगायच्या व्यसनाला सुटकेची अशी खास गोळी नाही. मेडिकलच्या मानसोपचार विभागात तपासणी, समुपदेशन, झोप आणि चिडचिडीवर तात्पुरतं औषध, आणि रोजचा दिवस भरलेला ठेवणं, एवढंच. दिवस कशाने भरायचा? भंतेजींनी सिगालोवाद सुत्तावर, म्हणजे बुद्धाने गृहस्थाला केलेल्या उपदेशावर, प्रवचन केलं होतं, त्यात मुलांनी आईबापांची सेवा करावी यावर भर. ताईंनी त्यांना त्याच्या पुढचा भाग घ्यायला सांगितलं: आईबापांनी मुलांसाठी करायच्या पाच गोष्टी. त्यातली एक, शिल्प म्हणजे हातातला हुन्नर शिकवणं. वस्तीतल्या एका वायरमनने पोराला हाताखाली घेतलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर वस्त्या-वस्त्यांचे भोजनदानाचे मंडप लागतात. आमच्या मंडपाची लाइट त्या दोघांनी केली. पोरगा दिवसभर खांबावर, खाली उतरून बोलायला लागू नये म्हणून की काय.

त्या मंडपात कोणीतरी सुचवलं की दानपेटीची किल्ली याच्याकडे द्या, विश्वास टाका, पोरगा सुधारेल. ऐकायला छान वाटतं. ताई म्हणाल्या, "दोन महिने झाले नाहीत त्याला. त्याच्यासमोर रोख पैसा कशाला ठेवता? परीक्षा बोर्डाला घेऊ द्या." दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म तेवढ्यात भरायचा होता, तो विलंब शुल्कासकट भरला.

बापाची अडचण

बाप एएच्या सभेला जायला तयार झाला हे आश्चर्यच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मराठी सभा एका चर्चच्या आवारातल्या खोलीत भरायची. दोन सभा करून तो परत आला आणि म्हणाला, "तिथं परमेश्वराच्या हवाली कराले लावतात. आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या." बहाणा असेल असं मला वाटलं. ताईंना वाटलं नाही. देव मानणार नाही अशी शपथ बापाच्या बापाने घेतलेली, आणि आता दारू सोडायला परमेश्वर लागतो म्हणतात. पण त्याच बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही अशीही एक आहे. तिच्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं.

भंतेजी त्याच्याशी ओट्यावर तासभर बोलले. काय बोलले ते पूर्ण माहीत नाही. बाप पुढे जे सांगायचा ते असं: त्या खोलीत बसलेली वीस माणसं, तो संघ समज. संघं सरणं गच्छामि तू म्हणतोसच. तिसऱ्या सभेपासून तो परमेश्वराच्या ओळीला गप्प बसायचा आणि बाकी सगळं म्हणायचा. सभेतल्या जुन्या माणसांनी हरकत घेतली नाही. अकरा आठवडे तो प्यायला नाही. बाराव्या आठवड्यात रंगाचं मोठं काम संपलं, मजुरी हातात आली आणि पुन्हा प्यायला. सभेला पुन्हा जाईल, अजून गेलेला नाही.

सध्या

पोरगा सोल्युशनपासून आता दहा महिने दूर आहे, मध्ये एकदा डिसेंबरात घसरला तेवढा वगळून. तेव्हा त्याने स्वतः येऊन वायरमनला सांगितलं. दहावीत गणित राहिलं, जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसतोय. दहावी नापासांना आयटीआयला वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडला प्रवेश मिळतो, त्यामुळे श्रद्धानंद पेठेतल्या आयटीआयचा अर्ज निकालावर अडलेला नाही. खर्रा सुटलेला नाही. दिवसाला दोन पुड्या, म्हणजे आधीच्या निम्म्या.

मंगळवारी त्याची मेडिकलची तारीख असते. सचिवही त्याच आवारातल्या दंत महाविद्यालयात तोंड उघडण्याचे व्यायाम शिकायला जातात. दोघं एकाच ऑटोने जातात. वाटेत फारसं बोलत नाहीत म्हणे.

रविवारी तो वंदनेला येतो, मागच्या दारापाशी बसतो. शीलं म्हणताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ताईंनी मला सांगून ठेवलंय, तरी मी एकदा बघितलं. चार शीलं तो सगळ्यांसोबत म्हणतो. पाचव्याला ओठ मिटून घेतो आणि शेवटच्या साधुकाराला, 'साधु, साधु' म्हणताना, पुन्हा उघडतो. आजी पुढच्या रांगेत बसते. तिला कमी ऐकू येतं.